शाळा नाही, तर फुटबॉल नाही

मुंबईतल्या कफ परेडच्या टोलेजंग इमारतींच्या शेजारी, समुद्राला लागून आंबेडकर नगरची वस्ती आहे. तिथून ससून डॉक जवळच. १८७५ साली बांधलेला हा धक्का आजूबाजूच्या कितीतरी घरांची चूल पेटवतो आणि त्याच घरांतल्या पोरांना शाळेपासून तोडतोही. सांडलेली मासळी वेचायची, विकायची. एकदा हातात रोख पैसा खेळू लागला की वर्गात जीव रमत नाही. मग जुगार, दारू आणि कोवळ्या वयातलं लग्न.

अशोक राठोड याच वस्तीत वाढले. सोबतचे मित्र एकेक करून शाळा सोडताना त्यांनी पाहिले. २००६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी १८ मुलं जमवली आणि फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. त्यातूनच ऑस्कर फाउंडेशन उभी राहिली. संस्थेचा नियम सुटसुटीत आहे: शाळा नाही, तर फुटबॉल नाही.

नियम कडक वाटतो. एरवी शाळा सुटलेल्या मुलाचं मैदानही सुटलं असतं. इथे मात्र हा नियम लागू पडतो, कारण तो सांगणारा माणूस परका नसतो. मैदानावर घडलेली मोठी मुलं-मुलीच पुढे 'यंग लीडर' होतात, लहानांना खेळवतात, अभ्यासाला बसवतात. कोणाच्या घरी आज काय चाललंय, कोण कशामुळे गैरहजर आहे, हे त्यांना विचारावं लागत नाही. मुलीला खेळायला पाठवा असं आई-वडिलांना पटवायचं, तर त्याच गल्लीतल्या ताईचा शब्द बाहेरच्या साहेबाच्या भाषणापेक्षा जड ठरतो.

मैदानाच्या जोडीला वाचन-गणिताचे वर्ग चालतात. फुटबॉलच्या ओढीने आलेलं मूल अभ्यासाला टिकतं, आणि वेळ पाळणं, हार पचवणं, दुसऱ्याला पास देणं खेळताना शिकतं. गुणपत्रिकेत या गोष्टींना रकाना नसतो, पण आयुष्य त्यांवरच उभं राहतं.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातही कष्टकऱ्यांच्या वस्त्या दाटीवाटीने वसल्या आहेत. आई-बाप पहाटेची लोकल पकडतात आणि शाळा सुटल्यावर मुलं मोकळी असतात. इथे असं काम उभं करायचं असेल, तर देणगीदार आणि मोठं मैदान यांच्या आधी त्याच वस्तीतला वीस वर्षांचा एखादा तरुण किंवा तरुणी शोधायला हवी. त्यांना प्रशिक्षण द्यावं, मानधन द्यावं आणि संध्याकाळचे दोन तास विश्वासाने त्यांच्या हाती सोपवावेत.