कंबर हलते ती गुडघ्यामुळे

झुंबाचे वर्ग आता तालुक्याच्या गावीही निघालेत. गटाच्या बैठकीत त्याबद्दल आम्हाला दोनच प्रश्न येतात. एक, "दिवसभर राबतोच की आम्ही, वर आणि नाचायचं कशाला?" आणि दुसरा जरा हळू आवाजात, "त्यात कंबर फार हलवतात म्हणे?" आधी दुसरा घेऊ. खरी अडचण तीच आहे.

झुंबा घडवला कोलंबियातल्या काली शहरातल्या आल्बेर्तो पेरेस या व्यायामशिक्षकाने, १९९० च्या दशकात. एरोबिक्सच्या वर्गाला नेहमीची कॅसेट न्यायला विसरलो, म्हणून जवळ होती ती साल्सा-मेरेंगेची गाणी लावली, असं ते सांगतात. म्हणजे मूळ माल लॅटिन अमेरिकेतल्या लोकांच्या नाचांचा. चा-चा-चा क्यूबातला. नाचताना फरशीवर पाय घासल्याचा जो आवाज येतो, त्यावरून त्याला ते नाव पडलं. मेरेंगे डोमिनिकन प्रजासत्ताकातला. उसाच्या मळ्यात पायात बेडी असलेले गुलाम एक पाय ओढत चालायचे, त्यातून ती चाल आली, अशी एक दंतकथा तिकडे आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने मेरेंगेला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. तिकडे म्हातारीकोतारी माणसं आणि पोरंसोरं एकत्र मेरेंगे नाचतात, कुणी माना खाली घालत नाही.

आता कंबरेचं. या नाचांत कंबर मुद्दाम हलवायची नसतेच. उभ्या राहा. पावलं जवळ, गुडघे सैल. डावा गुडघा थोडा वाकवा आणि सगळा भार उजव्या पायावर देऊन तो गुडघा सरळ करा. कंबर आपोआप उजवीकडे गेली की नाही? आता उलट करा. गेली डावीकडे. एवढंच आहे ते. पाऊल टाकताना आधी चवडा टेकवायचा, मग हळूच टाच, आणि भार पूर्ण गेल्यावर गुडघा सरळ. जी बाई गुडघे ताठ ठेवून कंबर झटकते तिची पाठ दुखते, आणि नाचही वाईट दिसतो.

दुसरी खूण खांद्यांची. खाली कंबर फिरते, पण वर खांदे आणि डोकं स्थिर. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालणारी बाई आठवा. पाणी हिंदकळत नाही, कारण गुडघे आणि कंबर सगळे धक्के सोसतात. ज्या बायांनी हंडे वाहिलेत त्यांना हे सांगावं लागत नाही, असं आम्हाला वाटतं. पोट किंचित आत ओढलेलं, कोपर कंबरेशी वाकलेलं, नजर समोर.

सुरुवात मेरेंगेने करा. ठेका दोनाचा, डावा-उजवा, जागच्या जागी चालल्यासारखा. साल्सा जरा अवघड. आठ मात्रांत एक-दोन-तीनवर पावलं, चौथीला थांबायचं. पाच-सहा-सातवर पावलं, आठवीला थांबायचं. ते थांबणं पहिले काही दिवस चुकतंच. मोजत राहा, हिशेबाची वही लिहिणाऱ्यांना जमेल.

आता पहिला प्रश्न. राबणं हे कष्ट आहेतच, पण खुरपताना शरीर तासन्‌तास एकाच बाजूला वाकलेलं असतं, आणि शिलाई मशीनवर तर बसलेलं. कंबरेचा सांधा चारी दिशांनी फिरत नाही, सलग दम लागत नाही. नाचात मांड्या, पोटऱ्या, नितंब, पोट सगळ्यांना काम मिळतं. आपलाच भार आपल्या पायांवर पेलल्याने हाडांना बळ मिळतं. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात तेव्हा याचा उपयोग कळतो. भार या पायावरून त्या पायावर नेण्याची सवय झाली की तोलही सावरता येतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे नाचताना बोलता यावं, पण गाता येऊ नये इतका दम. सलग वेळ नसेल तर दहा-दहा मिनिटंही चालतात. मात्र नुसत्या नाचाने वजन झरझर उतरेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, ताटाकडेही बघावं लागतं.

आता जे बायका वर्गात बोलत नाहीत ते. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, शिंकताना-खोकताना लघवी सुटत असेल, तर उड्या मारायच्या नाहीत. आधी डॉक्टरांना दाखवायचं. लाजून गप्प बसून उड्या मारल्या तर त्रास वाढू शकतो. गरोदर बाईने, सिझर होऊन थोडेच महिने झालेल्या बाईने, रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असलेल्या बाईनेही विचारूनच उतरावं. शिकवणाऱ्या ताईंना हे कानात सांगितलं तरी पुरे. उड्यांऐवजी पाऊल बाजूला टाकायला त्या सांगतील. सांगत नसतील तर वर्ग बदला.

आणि पायांचं. रबरी तळव्याची चप्पल जमिनीला धरून बसते, आपण वळतो आणि गुडघा पिळतो. वळताना आधी टाच उचला, चवड्यावर फिरा. फरशी ओली नसेल तर अनवाणी चालेल. शेवटी भिंतीला हात टेकून दोन्ही पोटऱ्या ताणा.