वकील खरा, पण डोळा कापसावर

संपादकांची फर्माईश अशी, की अमेरिकेत असत तसा एकोणिसाव्या शतकातला व्यापारी-नगरप्रमुख वऱ्हाडात शोधा. अवघड काम! नगरपालिका होत्या, पण खुर्ची बहुधा साहेबाची. अमरावतीची महानगरपालिका तर थेट 1983 साली झाली. मग नगरप्रमुखाचा शोध सोडून मी एका वकिलाकडे, रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकरांकडे वळलो.

जन्म धुळ्याचा, 1857चा. वकिली अमरावतीत. 1890 साली सुरेंद्रनाथ बॅनर्जींबरोबर काँग्रेसच्या शिष्टमंडळातून विलायतेला गेले, 1912 साली बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. अमरावतीतलेच दादासाहेब खापर्डे टिळकांच्या गटातले, मुधोळकर मात्र मवाळ. एवढा इतिहास पुरे.

मला अडकवलं ते त्यांच्या उद्योगाच्या ध्यासानं. 1905 साली काशीला औद्योगिक परिषद सुरू झाली. तिच्या चिटणीसपदाचा व्याप मुधोळकरांनी वाहिला. असं वेड वऱ्हाडी वकिलाला का लागावं, हे रुई-सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये उभं राहिलं की कळतं. चामड्याचा रूळ रुई ओढून घेतो, पातं सरकीला मागे सारतं. क्विंटलभर कापसातून रुई निघते जेमतेम 33 ते 35 किलो. तिची गाठ बांधली की ती गाव सोडते, आणि सूत, कापड, नफा सगळं दुसरीकडे.

हे जुनंच दुखणं. रेल्वेआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला जाई. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडात पैसा आला. 1870 साली खामगावला, पुढच्या वर्षी अमरावतीला रेल्वेचा फाटा पोचला. पण तो माल नेण्यासाठी! टाटांची एम्प्रेस मिल 1877 साली उभी राहिली ती नागपुरात.

उद्योग हवेत हे मुधोळकरांचं निदान बरोबर होतं, औषध मात्र ठरावांचं. परिषदेतल्या ठरावांनी चात्या फिरत नाहीत, भांडवल लागतं. ते 1921 साली गेले. पुढे गिरण्या आल्याही, पण टिकल्या कुठे? अकोल्याच्या सावतराम आणि मोहता मिलचे भोंगे थांबले, अचलपूरची फिनले मिल करोनाकाळात बंद पडली.

आता अमरावतीजवळ नांदगाव पेठेत हजार एकरांचं वस्त्रोद्योग उद्यान होतंय. सप्टेंबर 2024 मध्ये पायाभरणी झाली. उद्घाटनाच्या फिती मोजू नका. तिथे वऱ्हाडातली किती रुई सूत होते, तेवढं दरवर्षी विचारत राहा.