आठवड्याला एक आलेख

हा लेख नुसता वाचायचा नाही. पेन्सिल, पट्टी आणि आलेख-कागद जवळ घ्या आणि मगच पुढे चला.

एका यंत्राचे सांधे रबरी कड्यांनी बंद केलेले होते. यंत्र वापरल्यानंतर कड्या तपासल्या, तेव्हा सात वेळा त्यांना इजा झालेली आढळली. त्या सात दिवशी सांध्यांचे तापमान अंश सेल्सिअसमध्ये असे होते : १२, १४, १४, १७, २१, २१ आणि २४. कागदाच्या मध्यावर एक आडवा अक्ष काढा, त्यावर ० ते ३० अंश तापमान दाखवा आणि अक्षाच्या वरच्या बाजूस हे सात बिंदू मांडा. एकाच तापमानाचे बिंदू एकावर एक येऊ द्या. आता सांगा, थंडीचा आणि कड्या बिघडण्याचा काही संबंध दिसतो का? बिंदू थंड दिवशीही आहेत आणि उबदार दिवशीही. तेव्हा ‘संबंध दिसत नाही’ असेच उत्तर बहुतेक जण देतील.

आता ज्या १६ वेळी कड्या शाबूत राहिल्या, त्या वेळची तापमाने घ्या : १९, १९, १९, १९, २०, २१, २१, २१, २२, २३, २४, २४, २४, २६, २६ आणि २७. हे बिंदू अक्षाच्या खालच्या बाजूस मांडा. चित्र एकदम पालटले ना? १८ अंशांच्या खाली यंत्र चार वेळा वापरले आणि चारही वेळा कड्या बिघडल्या. १८ अंशांच्या वर ते १९ वेळा वापरले आणि बिघाड झाला फक्त तीन वेळा. शेवटी २ अंशांवर एक उभी रेघ मारा. सर्व बिंदूंपासून ती किती दूर, डावीकडे पडली आहे ते पाहा. इतक्या थंडीत हे यंत्र वापरायला तुम्ही परवानगी द्याल का?

हे यंत्र म्हणजे अमेरिकेचे ‘स्पेस शटल’ वर नेणारे घन इंधनाचे अग्निबाण. तुम्ही मांडलेले २३ बिंदू म्हणजे शटलची पहिली २४ उड्डाणे. एका उड्डाणाचे अग्निबाण समुद्रात बुडाल्यामुळे ते तपासता आले नाहीत. पंचविसावे उड्डाण ‘चॅलेंजर’ यानाचे होते. आदल्या रात्री दूरध्वनीवर बैठक झाली. थंडीत कड्या ताठ होतात, म्हणून १२ अंशांखाली उड्डाण नको, असे अग्निबाण बनवणाऱ्या अभियंत्यांनी सांगितले. पण चर्चेत आकडे आले ते बिघाड झालेल्या उड्डाणांचे. शाबूत राहिलेल्या उड्डाणांचे बिंदू त्यांच्याशेजारी कोणी मांडले नाहीत. अभियंत्यांचे म्हणणे बरोबर होते, पण ते वरिष्ठांना पटले नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी, हवेचे तापमान सुमारे २ अंश असताना, यान उडाले आणि ७३ सेकंदांत नष्ट झाले. सात जणांचा मृत्यू झाला. त्यांत एक शाळेतील शिक्षिका होती. गाळलेल्या बिंदूंची ही गोष्ट पुढे चौकशी आयोगाने आपल्या अहवालात नोंदवली.

लक्षात घ्या, आकडे सर्व उपलब्ध होते. उणीव होती ती नेमके कोणते आकडे एका कागदावर आणायचे, हे ओळखण्याची. आज संगणक क्षणात आलेख काढून देतो. पण जे बिंदू आपण त्याला दिलेच नाहीत, ते तो कोठून दाखवणार? ही नजर नियम पाठ करून येत नाही. पोहणे जसे पाण्यात उतरल्याशिवाय येत नाही, तसेच हे आहे. म्हणून एक वेगळी वही करा आणि दर आठवड्याला तीत एक आलेख हाताने काढा. अर्धा तास पुरतो. सुरुवातीला ही चार आव्हाने घ्या.

पहिला आठवडा : स्टीलच्या पेल्यात गरम पाणी घेऊन दर दोन मिनिटांनी, अर्धा तास, तापमान नोंदवा. बिंदू सरळ रेषेत येतात की रेषा वाकते? आधी अंदाज लिहा, मग आलेख काढा.

दुसरा आठवडा : २०, ४०, ६०, ८० आणि १०० सेंमी लांबीचा लंबक करून २० आंदोलनांना लागणारा वेळ मोजा व त्यावरून आवर्तकाल काढा. लांबी व आवर्तकाल यांचा आलेख वक्र येईल. आता आवर्तकालाचा वर्ग घ्या; तेच आकडे सरळ रेषेत येतील. अक्षावर काय घ्यायचे, हे ठरवणे किती महत्त्वाचे आहे ते येथे कळते.

तिसरा आठवडा : दिनदर्शिकेतून मुंबईच्या सूर्योदयाच्या वेळा, दर आठवड्याला एक, अशा वर्षभराच्या मांडा. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरच्या सुमारास असतो, पण सर्वांत उशिराचा सूर्योदय तेव्हा नसून जानेवारीच्या मध्यास असतो, हे तुम्हांला दिसेल. त्या दिवसांत मध्यान्हाची घड्याळातील वेळ रोज थोडी पुढे सरकते, हे त्याचे कारण.

चौथा आठवडा : घरातील विजेच्या बिलांवरून १२ महिन्यांच्या युनिटांचे दोन आलेख काढा. एकात उभा अक्ष शून्यापासून, दुसऱ्यात सर्वांत लहान आकड्याच्या जरा खालून सुरू करा. आकडे तेच, पण दुसऱ्यातील चढउतार केवढे तरी मोठे वाटतील.

प्रत्येक आलेखाखाली तीन ओळी लिहायला विसरू नका : आलेख काय सांगतो? अक्ष कोठून सुरू केला? आणि कोणते बिंदू गाळले, का गाळले? शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. महिन्यातून एकदा मुलांना वह्यांची अदलाबदल करू द्यावी आणि तिसऱ्या ओळीवरच प्रश्न विचारायला लावावे. आलेख सुबक आला नाही तरी चालेल. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येकाला देता आले पाहिजे.