धाब्याची शीतलता, स्लॅबचा ताप

वैशाखात जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, हे वेधशाळेच्या दफ्तरी वारंवार नमूद झालेले वास्तव आहे. आणि अशा प्रदेशात घर बांधणाऱ्याने विजेच्या यंत्रांची तजवीज करण्यापूर्वी डोक्यावरील छताचा विचार करावा, हे खानदेशातील जुन्या कारागिरांना कोणी निराळे शिकवावे लागले नव्हते.

त्यांनी बांधलेल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरास जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर काटक्यांचा दाट थर, त्यावर चिखल, आणि सर्वांवर पावसाळ्यापूर्वी नव्याने पसरायची खारी माती असे. माध्यान्हीचे ऊन या छतावर आदळले, तरी त्याची आच मातीचे थर ओलांडून आत उतरेपर्यंत सूर्य मावळतीस लागलेला असे, आणि रात्री निरभ्र आकाशाखाली तीच माती पुन्हा निवत असे. अर्थात दरसाल खारी टाकण्याचे कष्ट, वाळवी आणि मुसळधार पावसातील गळती ज्यांनी सोसली, त्यांनी स्लॅबची इच्छा धरली, यात त्यांस दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही.

दोष आहे तो स्लॅब उघडा ठेवण्यात. चार-पाच इंची काँक्रीट दिवसभर तापते आणि रात्री नेमकी निजण्याच्या वेळी ती उष्णता खाली सोडते. पंखा मग तीच तापलेली हवा फिरवीत राहतो. केंद्र शासनाने 2018 साली जाहीर केलेल्या इको-निवास संहितेत छतातून आत येणाऱ्या उष्णतेस मर्यादा घातली आहे, आणि उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळपासही येत नाही. उपाय मात्र दुष्प्राप्य नाहीत: सर्वांत स्वस्त तो पांढऱ्या चुन्याचा हात, त्याहून टिकाऊ ती फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, आणि पश्चिमेच्या भिंतीवर छज्जा, बांबूचा तट्ट्या किंवा कडुनिंबाची सावली. इकडची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे कूलर उत्तम चालतो. परंतु समोरची खिडकी बंद ठेवली, तर दमट हवेस बाहेर पडण्यास वाट उरत नाही आणि जीव गुदमरतो.

वीज भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रातील कोळशातून येवो की साक्री तालुक्यातील शिवाजीनगरच्या 125 मेगावॉटच्या सौर प्रकल्पातून, घरात ती कमी लागणे हाच पहिला लाभ होय. 2024 च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचास 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि उंच सांगाड्यावर बसविलेली ही पॅनेले स्लॅबला आयतीच सावलीही देतात. तथापि ज्यांस तो खर्च आज झेपणार नाही, त्यांनी निदान येत्या फाल्गुनात, ऊन चढण्याआधी, गच्ची स्वच्छ धुऊन तिला चुन्याचे दोन हात द्यावेत. आणि जे नवे घर बांधीत आहेत, त्यांनी नकाशा मंजुरीसाठी कचेरीत जाण्यापूर्वीच छतावर आणि पश्चिमेच्या भिंतीवर सावली कशी पडेल, हे अभियंत्याकडून लेखी मागून घ्यावे.