हिरड्यांचे विकार : उपचार कोणते व केव्हा

दात घासताना रक्त येते म्हणून घासणेच सोडून देणारी मुले व मोठी माणसे प्रत्येक गावात आढळतात. या उपायाने रोग हटत नाही; उलट तो बळावतो. हिरडीतून येणारे रक्त हे घासण्याचे नव्हे, तर बहुधा नीट न घासल्याचे फळ असते. ही गोष्ट शिक्षकांनी प्रथम स्वतः नीट समजून घ्यावी, म्हणजे ती पालकांस पटवून देणे सुकर होईल.

रोगाच्या दोन अवस्था

सूक्ष्म जंतूंचा मऊ व चिकट थर दातांच्या कडेला सतत जमत असतो. तो रोजच्या रोज न निघाल्यास हिरडी लाल होते, सुजते आणि किंचित घर्षणानेही तीतून रक्त येते. लाळेतील क्षार बसून हाच थर कठीण झाला म्हणजे त्यास कीटण म्हणतात. हॅराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनी डेन्मार्कमध्ये केलेला एक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात स्वच्छ करणे बुद्ध्या थांबविले, तेव्हा सुमारे दोन ते तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू करताच साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. पहिल्या अवस्थेतील विकार पूर्ण बरा होतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

दुसऱ्या अवस्थेस लोक पायरिया म्हणतात. तीत हिरडी दातापासून सुटते, मध्ये पोकळी होते, तीत पू साठतो व दातास धरून ठेवणारे हाड झिजू लागते. झिजलेले हाड सामान्यतः आपोआप भरून येत नाही. पुष्कळदा या अवस्थेत दुखतही नाही. त्यामुळे दात हलू लागेपर्यंत रोगी निश्चिंत राहतो.

उपचारांचे प्रकार

(१) घरची स्वच्छता. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेपर्यंत, हलक्या हाताने दात घासावेत. राखुंडी, विटेची भुकटी वा कोळसा यांनी दात झिजतात व हिरडी सोलते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम वाटतो. परंतु कीटण निघत नाही.

(२) कीटण काढणे. कठीण झालेले कीटण ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्यच उपकरणाने काढू शकतात. याने दात हलू लागतात, ही समजूत चुकीची आहे. कीटणाने व्यापलेली जागा मोकळी होते व सूज उतरते, म्हणून फटी दिसतात, इतकेच.

(३) मुळांची खोल सफाई. पोकळी झाली असल्यास हिरडीखालील मुळे, जरूर तर भूल देऊन, साफ करतात. पायरियावरील हा मुख्य उपचार होय.

(४) शस्त्रक्रिया. पोकळी फार खोल असल्यास हिरडी उघडून आतील भाग स्वच्छ करतात. निवडक रोग्यांत हाड भरून आणण्याचा प्रयत्नही करतात.

(५) औषधे. जंतुनाशक गुळण्या व प्रतिजैविके ही जोड म्हणून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व ठरावीक दिवस घ्यावयाची असतात. कीटण तसेच ठेवून नुसत्या गोळ्या घेतल्यास रोग उलटतो.

(६) दात काढणे. हा शेवटचा मार्ग. दात वाचण्याजोगा नसेल तरच तो अवलंबितात.

पायरियाच्या उपचारानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक असते. मधुमेह आटोक्यात नसल्यास व तंबाखू सुटली नसल्यास कोणत्याही उपचारास पुरते यश येत नाही. आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात बळकट होत नाहीत. हिरड्यांची हानी होते व मुखाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो.

शिक्षकांचे कार्य

रोगाचे निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. मात्र रोगाची चाहूल सर्वांआधी त्यासच लागू शकते. परिपाठाच्या वेळी आठवड्यातून एकदा मुलांचे दात पाहावेत. तोंडास दुर्गंधी असलेल्या मुलास वर्गासमोर बोल लावू नये. तसे मूल पुढे तोंड उघडण्यासच भिते. त्यास व त्याच्या पालकांस बाजूस घेऊन सांगावे.

सहाव्या-सातव्या वर्षापासून दुधाचे दात हलणे स्वाभाविक आहे. परंतु पुढे आलेला कायमचा दात हलत असेल, तर त्या मुलास दंतवैद्याकडे पाठविण्यास विलंब करू नये. रक्त येण्यासोबत ताप, फिकटपणा किंवा अंगावर काळेनिळे डाग असतील, तर तो रक्ताचा गंभीर विकार असू शकतो. अशा मुलास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या तपासणीत दातांच्या विकारांचाही समावेश आहे. पथक शाळेत येण्यापूर्वी अशा मुलांची यादी तयार ठेवावी, व ज्यांस पुढे रुग्णालयात पाठविले ती मुले खरोखर गेली की नाही, याची चौकशी करावी. चिठ्ठी घरी गेली म्हणजे मूल दवाखान्यात पोहोचले असे होत नाही.

मुले शिक्षकाच्या बोलण्यापेक्षा त्याचे वागणे अधिक पाहतात. यास्तव तंबाखू व मिश्री शाळेच्या आवारात तर नसावीच. शिक्षकाच्या खिशातही नसावी. पहिल्या अवस्थेत जो विकार एका ब्रशने व नियमाने बरा होतो, त्याचपायी पुढे दात गमवावे लागतात. या दोहोंमधील काळ बहुधा वर्षांचा असतो, आणि त्यातील बराचसा मुलाच्या शाळेच्या दिवसांतच मोडतो.