क्रिनोलिनचा घेर आणि वऱ्हाडचा कापूस

दिवाळीच्या सुमारास केळापूर तालुक्यातील शिवारांत सीतादही होते आणि कापसाची वेचणी सुरू होते. थोड्याच दिवसांत पांढरकवड्याच्या बाजाराकडे कापसाने भरलेली वाहने वळू लागतात. वेचलेल्या बोंडाचे पुढे कोणाच्या अंगावर कोणते वस्त्र होणार, हे वेचणाऱ्या बाईला ठाऊक नसते. आणि ते वस्त्र मिरवणाऱ्याला ती बाई ठाऊक नसते. भाव ठरतो तो या दोघांच्या मधल्या लांबलचक वाटेवर. ही वाट वऱ्हाडसाठी प्रथम खुली झाली ती व्हिक्टोरिया राणीच्या काळात. म्हणूनच त्या काळातील विलायती पोशाखाच्या तऱ्हा हा केवळ करमणुकीचा विषय राहत नाही. वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासातील ते एक प्रकरण ठरते.

व्हिक्टोरियन युग म्हटले की शिस्त, काटकसर आणि सोवळेपणा डोळ्यांसमोर येतो. पण त्याच युगातील प्रतिष्ठित स्त्रीचा पोशाख पाहिला तर काटकसरीचा मागमूसही दिसत नाही. १८५६ साली पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याचे पेटंट इंग्लंडमध्ये घेतले गेले आणि ‘क्रिनोलिन’ नावाचे एक प्रचंड प्रकरण स्त्रियांच्या कमरेभोवती उभे राहिले. एकाखाली एक घालाव्या लागणाऱ्या जाड परकरांचे ओझे या पिंजऱ्याने कमी केले हे खरे. पण वरचा घागरा मात्र एवढा फुगला की त्याला वारेच्या वार कापड लागू लागले. अशा पोशाखातील स्त्रीला गाडीत चढणे आणि दारातून जाणे कठीण होई. ‘पंच’ साप्ताहिकातील व्यंगचित्रकारांना कित्येक वर्षे विषयाची वाण पडली नाही. शेफील्डचे पोलाद या पिंजऱ्यांसाठी खपू लागले. चुलीजवळून जाताना घागऱ्याने पेट घेऊन स्त्रिया भाजून मेल्या, तरीही फॅशन हटली नाही.

रंगांची कथाही अशीच. १८५६ मध्येच विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला कोयनेल तयार करण्याच्या खटपटीत डांबरातून जांभळा रंग गवसला. १८५८ साली राजकन्येच्या लग्नात खुद्द राणीने ती छटा परिधान केली आणि सारे लंडन जांभळे झाले. हिरव्या रंगाची हौस तर प्राणघातकच होती. त्यात चक्क सोमल असे. अशा रंगाची कागदी व कापडी फुले करणारी एक तरुण कामकरीण १८६१ साली लंडनमध्ये विषबाधेने मरण पावली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राणीचा पती आल्बर्ट निवर्तला. राणीने काळी वस्त्रे अंगावर घेतली ती १९०१ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत उतरवली नाहीत. मग सुतकाचीही फॅशन झाली. काळे क्रेप, काळ्या जेट खड्याचे दागिने, मृताच्या केसांचे लॉकेट, अशा वस्तूंवर कारखाने चालू लागले. दुःखालाही बाजारभाव असू शकतो, हे त्या युगाने सिद्ध केले.

१८६१ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडील बंदरांची कोंडी झाली. मँचेस्टरच्या गिरण्या ज्या अमेरिकन कापसावर चालत होत्या तो येणे थांबले. १८६२ च्या अखेरीस लँकेशायरमधील सुमारे पाच लाख माणसे धर्मादाय मदतीवर जगत होती. गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. आखूड धाग्याच्या हिंदी कापसाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत. तो कातताना सूत वारंवार तुटे आणि मजुरी बुडे, म्हणून लँकेशायरच्या कामगारांच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा झाला होता. पण अडल्या वेळी ‘सुरत’ही सोन्याच्या मोलाने विकला गेला. वऱ्हाडचा प्रदेश १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला होताच. ज्या काळ्या जमिनीतून वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर कापूस लादून नेत, तिथे आता साहेबाचे लक्ष खिळले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर राहिला. एका कापसाच्या बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या पेठेचे मोल कळावे. पांढरकवडा मात्र या लोहमार्गाच्या बराच दक्षिणेस राहिला. इथल्या कापसाला बैलाचाच आधार होता.

या तेजीतील पैसा गेला कोठे? त्याचे उत्तर मुंबईत दगडात कोरलेले आहे. कापसाच्या नफ्यावर समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरांवर सट्टा झाला. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपताच भाव कोसळले आणि बड्या बड्या पेढ्या बुडाल्या. सट्ट्याचा राजा प्रेमचंद रायचंद यालाही त्यात मोठी ठोकर बसली. पण त्याने दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. त्याचा आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट याने मुंबईत पाऊल न टाकता इंग्लंडातच काढला. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींचे पुतळे बसविले आहेत. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंगच्या शिल्पांत कष्टकरी शेतकरी दिसतो. ज्याच्या घामावर शहर उभे राहिले त्याला शहराने शोभेची जागा दिली. नफ्यात मात्र त्याचा वाटा फारसा नव्हता.

तेजीच्या दिवसांत सावकाराने शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज दिले होते. भाव उतरले, पण कर्ज उतरले नाही. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागच्या कारणांत हे एक होते. वऱ्हाडात दुसरीच प्रक्रिया चालू होती. मध्यप्रांत व वऱ्हाडचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक याने १८६० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेला हिशेब सरळ होता. रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड स्वस्त पडेल. गावात सूत कातणारे आणि विणणारे लोक शेतमजुरीला मोकळे होतील. मग रान तोडून कापसाचा पेरा वाढविता येईल. हे कोणा टीकाकाराने केलेले आरोप नव्हेत. अधिकाऱ्याने आशेने मांडलेली ही योजना होती, आणि ती बऱ्याच अंशी यशस्वी झाली.

रंगाऱ्यांचे तेच झाले. वऱ्हाडात व मध्यप्रांतात आल नावाच्या झुडपाची लागवड होई. त्याच्या मुळ्या तीन-चार वर्षे जमिनीत पोसाव्या लागत. त्यांपासून निघणाऱ्या तांबड्या रंगात खारवा रंगविला जाई. १८६८-६९ च्या सुमारास युरोपात कृत्रिम अलिझरिन तयार झाले आणि काही वर्षांतच आलीचे शेत ही निरर्थक गोष्ट ठरली. चरखा, माग आणि रंगाचे हंडे असे गावातील कमाईचे तीन मार्ग आटले. उरली ती परहाटी. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या प्रदेशाला जी किंमत मोजावी लागली तिचे एक कारण याच एकमार्गी अर्थव्यवस्थेत आहे.

पोशाखाला पोशाखानेच उत्तर देता येते हे ज्यांनी ओळखले असे दोन पुरुष महाराष्ट्रात याच काळात झाले. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणीला सम्राज्ञी घोषित करणारा दरबार भरला. संस्थानिकांना युरोपीय धाटणीची बोधचिन्हे असलेली रेशमी निशाणे वाटण्यात आली. ती इतकी जड होती की एका माणसाला पेलवत नसत. दक्षिणेत तेव्हा भीषण दुष्काळ पडलेला होता. त्या झगमगाटात सार्वजनिक सभेच्या वतीने गेलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच ‘सार्वजनिक काका’, हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत उभे राहिले. पुढे १८८८ मध्ये राणीचा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. तिथे जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि या दागिन्यांनी मढलेल्या मंडळींवरून देशाची परीक्षा करू नका, असे त्यांनी राजपुत्राला बजावले. देशी अर्थशास्त्राचे हे दोन धडे ग्रंथापेक्षा अधिक बोलके आहेत.

क्रिनोलिन आता संग्रहालयात आहे. फॅशनचा वेग मात्र वाढला आहे; वर्षांचा फेर आठवड्यांवर आला आहे आणि कापसाला कृत्रिम धाग्याशी झुंजावे लागत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर जबर शुल्क लादले, तयार कपड्यांच्या निर्यातदारांना त्याची झळ बसली आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठविले. गिरण्यांच्या दृष्टीने हा दिलासा होता. परंतु हा निर्णय झाला तेव्हा विदर्भातील पीक शेतात उभे होते आणि त्याचा भाव अजून ठरायचा होता. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध जसे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला विचारून संपले नव्हते, तसेच हेही.

यावर कापूस सोडून द्या असे सांगणे सोपे आहे. कोरडवाहू जमिनीच्या मालकाला ते व्यवहार्य नाही. दराची जोखीम कोणी सोसायची, हा खरा प्रश्न आहे. व्यापारी माल अडवून ठेवू शकतो, गिरणी आयात करू शकते, ग्राहक दुसरे कापड घेऊ शकतो. ज्याच्यावर पेरणीचे कर्ज आहे त्याला यांतले काहीच करता येत नाही आणि जोखीम नेमकी त्याच्याच माथी येते. १९७२ ची एकाधिकार खरेदी योजना हे या प्रश्नाला दिलेले एक उत्तर होते. तिच्यात दोष पुष्कळ होते आणि ती इतिहासजमा झाली. प्रश्न मात्र झाला नाही. हमीभावाची खरेदी वेळेवर सुरू होणे, चुकारा लांबू न देणे आणि सरकी काढण्यापलीकडचे कताई, विणाई, रंगाईचे काम कापसाच्या प्रदेशातच होणे, हे त्याचे आजचे भाग आहेत. अमरावतीच्या वस्त्रोद्योग उद्यानाची घोषणा २०२३ मध्ये झाली, ती या दिशेने आहे. तिचा लाभ केळापूरसारख्या तालुक्याला किती पोहोचतो यावर तिची परीक्षा व्हावी. गावातला माग बंद पाडण्याची योजना एकेकाळी एका अधिकाऱ्याने कागदावर मांडली आणि राज्यकर्त्यांनी ती तडीस नेली. तो माग परत आणण्याच्या योजनेला तेवढीच चिकाटी लाभली पाहिजे.