धान्य रेशनचं, माळवं घरचं
लेखांक सहावा

गेल्या लेखांकात रेशनच्या धान्याचा हिशेब पाहिला. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य हक्काचं केलं. हा हक्क मोठा आहे, पण तो मुख्यतः गहू-तांदळापाशी थांबतो. अन्नसुरक्षा तिथे संपत नाही, हे कोल्हापूरने ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पाहिलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला, 2019 मध्ये तर सुमारे आठवडाभर. धान्याचा डबा भरून ठेवता येतो, पालेभाजी ठेवता येत नाही. म्हणून बाजाराचा रस्ता तुटला की ताटातून पहिल्यांदा माळवं जातं. घरी पिकवायचं तर काय पिकवायचं, याचं उत्तर इथेच दडलेलं आहे.

हा विचार कोल्हापूरला नवा नाही. गणिताचे शिक्षक असलेले श्री. अ. दाभोळकर यांनी इथूनच ‘प्रयोग परिवार’ची चळवळ चालवली आणि 10 गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब चांगलं जगू शकतं, असं ठामपणे मांडलं. त्यांच्या कामातलं सर्वांत मोलाचं मला वाटतं ते मोजण्याचं वेड: ऊन किती मिळतं, पानांचा पसारा किती, त्यातून हाती काय येतं. तीच पट्टी गच्चीला लावू. चौघांच्या घराला रोज किलोभर धान्य धरलं तर वर्षाला 365 किलो लागतं. हेक्टरी 2 ते 3 टनांचा उतारा धरला, तर त्यासाठी 12 ते 18 गुंठे हवेत. गच्चीवर धान्याचा नाद सोडावा, हे बरं. पालेभाजीचं गणित मात्र जमतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शिका रोज माणशी सुमारे 100 ग्रॅम पालेभाजी सांगते. म्हणजे चौघांना महिन्याला 12 किलो. पोकळ्याचा उतारा चौरस मीटरला किलो-दीड किलो धरला आणि कापणी महिनाभरात येते हे लक्षात घेतलं, तर दहा बाय दहा फुटांचा कोपरा या गरजेचा मोठा भाग उचलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पालेभाजीने तो एकदम बरा होत नाही, कारण तिच्यातलं लोह शरीर कमीच शोषतं. लिंबू पिळलं तर थोडं वाढतं. तरी ज्या ताटात हिरवं पानच नाही, त्याच्यापुढे हा बदल लहान नाही.

गच्ची खचेल, ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. वापरत्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरून बांधकाम होतं. सहा इंच ओली माती याहून जड भरते. उपाय आपल्याच शिवारात आहे. उसाचं पाचट इथे फडाफडांत पेटवून दिलं जातं. फळबाजारातला प्लॅस्टिकचा क्रेट घ्यावा, तळाला पाचट चेपून भरावं, वर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं कुजलेलं खत आणि मूठ-दोन मूठ माती पसरावी. पोकळ्याचं बी बारीक असतं, ते वाळूत मिसळून फेकावं. रोपं वीतभर झाली की मुळासकट न उपटता चार बोटं ठेवून कापावीत, म्हणजे फुटवे येऊन पुन्हा भाजी मिळते. आषाढ-श्रावणाच्या झडीत पोकळा सडतो, हेही खरं. तेव्हा अळू, कढीपत्ता आणि शेवग्याचा पाला कामी येतो. पुराचं पाणी परड्यात शिरलं तर परडं जातंच, म्हणून नदीकाठच्या घरांनी काही क्रेट उंचावर ठेवावेत.

गावाकडे तर जागेची अडचण नाही, मग तिथेही माळवं आठवडी बाजारातून का येतं? उसाच्या सरीत पूर्वी मका, चवळी, मुळा, कोथिंबीर टोकली जाई. तणनाशकाची फवारणी आली आणि हे आंतरपीक मरू लागलं. माझ्या मते कोल्हापूरच्या अन्नसुरक्षेतलं सर्वांत न बोललेलं नुकसान हेच. बांधाकडेच्या दोन सऱ्या फवारणीतून वगळल्या तर साखरेचा उतारा बुडणार नाही आणि घराला भाजी मिळेल.

सर्वांत वजनदार आक्षेप उरतो: ज्याला गच्ची नाही, परडं नाही, नळाचं पाणीही बेभरवशाचं, त्याने काय करावं? त्याला क्रेट दाखवणं हे उत्तर नव्हे. घरच्या भाजीचा गवगवा करून रेशनची जबाबदारी हलकी करायचा कुणी प्रयत्न केला, तर त्याला विरोधच करायला हवा. अशा वस्त्यांसाठी शाळा-अंगणवाडीची परसबाग आणि महापालिकेची पडीक जागा यांतूनच वाट निघेल, आणि तिथे पाण्याची सोय पालिकेनेच करावी लागेल. आपल्या प्रभागात अशी एक जागा शोधून तिच्यासाठी लेखी मागणी करा; अर्ज कसा लिहायचा ते पुढच्या लेखांकात पाहू.